विकायच्या घराचे छत आणि इंजिनिअरचे पत्र

लोणावळा-खंडाळ्यात किंवा एकूणच मावळ तालुक्यात जुने घर विकायला काढले की बोलणी बहुधा तीन ठिकाणी अडतात : जमिनीचा कागद, रस्ता आणि छत. पहिल्या दोन गोष्टींसाठी वकील, तलाठी, भूमी अभिलेख कार्यालय अशी ठरलेली दारे आहेत. छताचे तसे नाही. स्लॅबला ओल दिसते, कौलांखालचा वासा वाकल्यासारखा वाटतो, गच्चीवर पत्र्याची शेड असते आणि तिचे खांब नेमके कशावर उभे आहेत ते कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी ‘एकदा आरसीसी कन्सल्टंटला दाखवून घ्या’ हा सल्ला विकणाऱ्यालाही मिळतो आणि घेणाऱ्यालाही. मात्र कुणी दाखवायचे, काय विचारायचे, आलेल्या पत्राला किती वजन द्यायचे आणि पुढे ते चुकीचे ठरले तर कुणाला धरायचे, यावर अजून एकमत झालेले नाही. या प्रश्नाची आजची स्थिती काय आहे, ते इथे क्रमाने पाहू.

पाऊस आणि छतांच्या पिढ्या

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. दोहोंत अंतर जेमतेम पासष्ट किलोमीटर. घाटमाथ्यावरून कामशेत, वडगाव, तळेगाव असे पूर्वेला सरकावे तसा पाऊस झपाट्याने उतरतो. त्यामुळे तळेगावात वीस वर्षे निमूट टिकलेली बांधणी लोणावळ्याच्या तुंगार्लीत किंवा पवन मावळाच्या पश्चिम टोकाला पाच-सात पावसाळ्यांत हात टेकते. पुण्यातल्या अनुभवावर मत देणारा इंजिनिअर इथे चुकू शकतो, ही स्थानिक बांधकाम व्यावसायिकांची तक्रार त्यामुळे अगदीच निराधार म्हणता येत नाही.

जुलैत लोणावळ्याला एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस होणे नवलाचे नाही. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर एवढा पाऊस म्हणजे २०,००० लिटर, अर्थात वीस टन पाणी. उतार नीट असेल आणि पन्हळी मोकळ्या असतील तर ते निघून जाते. पानगळीने एक तोंड तुंबले आणि दहा सेंटिमीटर पाणी साचले, तर दर चौरस मीटरला १०० किलो वजन स्लॅबवर येते. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक, आयएस ८७५ चा दुसरा भाग, जो वापराचा भार धरायला सांगतो तो दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. म्हणजे नुसत्या तुंबलेल्या पाण्यातच त्यातला दोन-तृतीयांश वाटा संपतो. छताची चर्चा बहुतेक वेळा गळतीपाशी थांबते. पण इथल्या पावसात पाणी हे वजनही आहे, आणि इंजिनिअरच्या मताची गरज इथूनच सुरू होते.

या तालुक्यात छतांच्या तीन पिढ्या शेजारी शेजारी नांदतात. पहिली कौलांची. १८६३ मध्ये बोरघाटाची रेल्वे सुरू झाली, त्यानंतर लोणावळा-खंडाळ्यात रेल्वेचे बंगले आणि मुंबईकर शेठियांची हवा खाण्याची घरे उभी राहिली. १८७७ मध्ये लोणावळ्याला नगरपालिका आली. मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून यंत्रावर कौले बनू लागली आणि त्या मंगलोरी कौलांनी हळूहळू इथली नळीची कौले मागे सारली. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास भरते, चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात आणि भिजल्यावर वजन वाढते. हा भार रिपांवरून वाशांवर, वाशांवरून तुळया आणि कैच्यांवर, तिथून भिंतींवर उतरतो. अशा छतात कौल फुटणे ही किरकोळ बाब समजावी. माकडे ती रोजच सरकवतात आणि दरवर्षी वैशाखात कौले चाळून घेण्याची रीत त्यासाठीच होती. खरा धोका असतो तो भिंतीत गाडलेल्या वाशाच्या टोकात. तिथे वारा लागत नाही, ओल मुरते, वाळवी लागते, आणि बाहेरून वासा धडधाकट दिसत असतानाच आतून भुसा होतो.

लाकूड मुळातच टिकत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. याच तालुक्यात कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडी छताखाली बसवलेल्या सागवानी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांनंतर जागेवर आहेत. त्यांच्यावर भार नाही आणि पाण्याचा थेंबही पोहोचत नाही. जुन्या बंगल्याच्या आढ्याबद्दल ‘शंभर वर्षांचे लाकूड, आता काय उरले असणार’ असे घेणारा म्हणतो आणि ‘जुना सागवान, अजून शंभर वर्षे हलणार नाही’ असे विकणारा सांगतो. वयावरून दोघांपैकी कुणाचेच खरे ठरत नाही. ओल कुठवर गेली आहे, तेवढे पाहावे लागते.

दुसरी पिढी स्लॅबची. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत आणि २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यानंतर सुट्टीच्या घरांची जी लाट आली, तिच्यातले बहुतेक बंगले आणि छोट्या इमारती सपाट स्लॅबच्या आहेत. एवढ्या पावसाच्या मुलखात सपाट गच्ची का बांधली, याची कारणे समजण्यासारखी आहेत : पुढे मजला चढवता येतो, पाण्याची टाकी ठेवता येते, सुतार मिळत नाही आणि नकाशा पुण्या-मुंबईच्या सवयीने काढला जातो. त्यातले जुने बंगले आता तीस-चाळीस वर्षांचे झाले आहेत. मूळ मालकांची मुले दुसरीकडे स्थिरावली आहेत. हीच घरे आज विक्रीला येतात.

तिसरी पिढी म्हणजे स्लॅबवर चढवलेला पत्रा. गळती थांबेना म्हणून गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा करून वर रंगीत पत्रे टाकायचे, हा उपाय लोणावळ्यात घरोघर दिसतो. पाणी त्याने थांबते. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा मावळात घरांचे पत्रे, शाळांची छपरे आणि पॉलिहाऊस उडाली. जड छताला खालच्या दिशेचा भार सोसायचा असतो, हलक्या पत्र्याला वारा वर उचलतो. तिथे प्रश्न येतो तो हुकांचा, बोल्टांचा आणि खांबांच्या पायातल्या पट्ट्यांचा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते काढताना फोडले तर उडणारी धूळ फुप्फुसांना घातक ठरते, ही बाब विक्रीच्या बोलण्यांत फारशी निघत नाही.

इंजिनिअरला काय सांगता येते

‘छत कसे आहे?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. पाणी कुठून येते, छत भार सोसते का, आणि ते मंजूर नकाशाप्रमाणे आहे का. पहिल्याचे उत्तर अनुभवी गवंडी किंवा वॉटरप्रूफिंगचे काम करणारा कित्येकदा इंजिनिअरइतके किंवा त्याहून चांगले देतो. तिसऱ्याचे उत्तर वास्तुविशारद आणि नगरपरिषदेची फाइल देते. मधला प्रश्न तेवढा निखळ स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. ही विभागणी न करता पत्र मागितले की ‘इमारतीची पाहणी केली असता ती सद्यस्थितीत वापरण्यास योग्य असल्याचे दिसून येते’ अशा एका वाक्याचे पत्र येते, आणि त्यावर कुणाचेच समाधान होत नाही.

स्लॅबचे दुखणे कसे वाढते ते समजून घेतले की पत्रात काय असायला हवे तेही कळते. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्यामुळे आतल्या सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपतो, अल्कधर्म उतरतो आणि तो थर जातो. मग ओल आणि हवा मिळाली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते आणि पोपडे खाली पडतात. सळईवर काँक्रीटचे आवरण किती आहे, हा यातला कळीचा मुद्दा. आयएस ४५६ हे मानक सौम्य हवामानाला २० मिलिमीटर आणि मध्यम हवामानाला ३० मिलिमीटर आवरण सांगते. जुन्या खासगी बांधकामांत सळईखाली नीट ठोकळेच लावलेले नसतात आणि आवरण दहा-बारा मिलिमीटरवर येते. अशा स्लॅबला लोणावळ्यातली चार-पाच महिन्यांची सलग ओल मिळाली की पंचवीस वर्षांत सळई उघडी पडते.

यासाठीच्या तपासण्या आता गावोगाव पोहोचल्या आहेत. हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकणे ही सर्वांत जुनी आणि अजूनही उपयोगाची. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाची कठीणता कळते. अल्ट्रासॉनिक लहरींनी आतली सलगता समजते. फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारला की अल्कधर्म शिल्लक आहे तिथे गुलाबी रंग उमटतो आणि गेला आहे तिथे उमटत नाही. सळई कुठे आणि किती खोल आहे ते शोधणारे यंत्रही असते. मावळातल्या गावठाणातल्या घरांसाठी ते विशेष गरजेचे, कारण तिथे घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आणि स्लॅबमध्ये किती लोखंड घातले त्याचे रेखाचित्र बहुधा कुठेच नसते. रेखाचित्राशिवाय भार सोसण्याचा हिशेब करायचा तर आधी लोखंड मोजावे लागते.

इंजिनिअरांतही इथे दोन मते आहेत. एक गट म्हणतो की लहान बंगल्याला यंत्रांच्या चाचण्या म्हणजे खर्चाचा बडिवार आहे. जाणकार डोळा, ठोकणे आणि दोन ठिकाणी प्लास्टर काढून पाहणे पुरते. दुसऱ्या गटाच्या मते नुसत्या डोळ्यांनी पाहून लिहिलेले मत हे मत नव्हे, अंदाज आहे, आणि विक्रीसारख्या व्यवहारात अंदाजावर सही करू नये. मला यात मधला मार्ग जास्त पटतो. पाहणीत झोल, चौकोनी तडे, सळईच्या रेषेतल्या भेगा किंवा गंजाचे डाग दिसले तर चाचणी अपरिहार्य आहे. तसे काही नसेल तर तिचा आग्रह धरू नये.

वजन वाढत जाणे, ही इथली खास अडचण. गळती झाली की ब्रिकबॅट कोबा घालतात, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जाड थर. त्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जाते. काही वर्षांनी पुन्हा गळते. जुना कोबा फोडण्याचा खर्च आणि राडा नको म्हणून त्याच्यावरच दुसरा थर चढतो, मग फरशी, मग पत्र्याचा सांगाडा. अलीकडे आठवड्याच्या भाड्याने द्यायच्या बंगल्यांवर छोटे तरणतलावही आले आहेत. एक मीटर खोल पाणी म्हणजे चौरस मीटरला एक टन, मूळ हिशेबाच्या सहा-सात पट. अशा घराबद्दल ‘छत गळत नाही’ हे विकणाऱ्याचे म्हणणे शंभर टक्के खरे असू शकते आणि तरीही छत धोक्यात असू शकते.

याच्या उलटही घडते, आणि ते विकणाऱ्याच्या बाजूने सांगायला हवे. छताला भले मोठे ओलीचे डाग असतात, घेणारा घाबरून किंमत पाडतो, आणि तपासल्यावर निघते की पन्हळीचा सांधा सुटला आहे किंवा गच्चीच्या कठड्याखालची वाटा (सांध्यावरची गोलाई) फुटली आहे. सळई कोरडी असते. अशा वेळी इंजिनिअरचे दोन पानी पत्र विकणाऱ्याचे लाखो रुपये वाचवते.

मग ऋतूचा मुद्दा. घरे दाखवली जातात ऑक्टोबर ते मे, आणि गळती दिसते जून ते सप्टेंबर. दिवाळीपूर्वी रंग काढलेल्या घराची फेब्रुवारीत पाहणी केली तर ओलीचा माग मिळणे कठीण. गच्चीवर पाणी साठवून चोवीस ते बहात्तर तास थांबण्याची चाचणी उन्हाळ्यातही करता येते, पण वाऱ्याबरोबर आडवा मारणारा घाटातला पाऊस तिच्यात येत नाही. भिंत आणि छताच्या सांध्यातून शिरणारे पाणी आडव्या पावसातच दिसते. म्हणून काही वकील आता साठेखतात असे कलम घालतात की किमतीचा काही भाग एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावा. विकणाऱ्यांना ते जाचक वाटते, आणि एक पावसाळा पैसे अडकून पडणे ही लहान गोष्ट नाही.

कायदा कुठवर येतो

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, वेगळा करार नसेल तर, विकणाऱ्याने मिळकतीतला महत्त्वाचा दोष घेणाऱ्याला सांगायला हवा. त्याला दोन अटी आहेत : दोष विकणाऱ्याला ठाऊक असावा आणि घेणाऱ्याला ठाऊक नसावा, शिवाय साधारण काळजी घेऊनही तो घेणाऱ्याला सापडण्यासारखा नसावा. असा दोष न सांगणे कपटाचे मानले जाईल, असे हेच कलम शेवटी म्हणते. दुसरीकडे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १९ मधला अपवाद सांगतो की नुसत्या मौनाने फसवणूक झाली असेल आणि घेणाऱ्याला साधारण तत्परतेने सत्य शोधता आले असते, तर त्या कारणावरून करार मोडता येत नाही. दोन्ही तरतुदी एकाच जागी येऊन थांबतात : साधारण काळजी म्हणजे किती?

खालून दिसणारा ओलीचा डाग उघड दोष आहे, यावर वाद नाही. रंगाखाली झाकलेला डाग? झाकण्याचे कृत्य मौनात मोडत नाही, ते सक्रिय लपवणे आहे, असा युक्तिवाद करार कायद्याच्या कलम १७ वरून करता येतो. आणि स्लॅबच्या आत गंजलेली सळई? ती सामान्य माणसाला दिसत नाही, पण इंजिनिअर आणला असता तर दिसली असती. मग इंजिनिअर आणणे हा आजच्या काळात ‘साधारण काळजी’चा भाग आहे का? मावळातल्या सुट्टीच्या घरांचे बरेच ग्राहक शहरी, शिकलेले, वकिलामार्फत व्यवहार करणारे असतात. त्यांच्याकडून ही अपेक्षा रास्त आहे, असे एका बाजूचे म्हणणे. आयुष्यभराच्या बचतीतून गावठाणात दोन खोल्या घेणाऱ्याला हाच निकष लावता येणार नाही, हे दुसऱ्या बाजूचे. कायद्याचे शब्द दोघांना सारखेच आहेत.

खरेदीखतात बहुधा एक छापील वाक्य असते : घेणाऱ्याने मिळकत समक्ष पाहून तिच्या स्थितीबद्दल खात्री करून घेतली आहे. विकणाऱ्यांना ते कवच वाटते. उघड दोषांपुरते ते आहेही. ठाऊक असलेला दडलेला दोष त्याने झाकला जातो का, यावर वकिलांत मतभेद आहेत.

वयाने येणारी सक्ती वेगळी. मुंबईत महानगरपालिका कायद्याचे कलम ३५३ ब आणि राज्यातल्या इतर महानगरपालिकांत कलम २६५ अ यांप्रमाणे तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करावी लागते. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे इथे नगरपरिषदा आहेत. तिथे लोकांच्या परिचयाची नोटीस म्हणजे १९६५ च्या नगरपरिषद कायद्याच्या कलम १९५ ची, धोकादायक इमारतीची, आणि ती येते तेव्हा उशीर झालेला असतो. बांधकामाचे नियमही तालुक्यात एकसारखे नाहीत. २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली, तेव्हा लोणावळा नगरपरिषदेला नाव घेऊन तिच्यातून वगळले. तळेगाव आणि वडगाव तिच्याखाली येतात. ग्रामीण भागाचे नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) आहे. गच्चीवरची पत्र्याची शेड नियमात बसते का, याचे उत्तर त्यामुळे पाच-दहा किलोमीटरवर बदलू शकते. यातली कोणतीही तरतूद घर विकले जात आहे म्हणून छत तपासा, असे सांगत नाही.

नवे घर बिल्डरकडून घेणाऱ्याला २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ ने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांचे संरक्षण दिले आहे. बांधकामातला दोष कळवल्यावर तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या घराला हा आधार नाही.

चार भूमिका

पहिली भूमिका, विकणाऱ्याने घर बाजारात आणण्याआधीच इंजिनिअर आणावा. तिचे समर्थक म्हणतात की दोष आधी कळला तर दुरुस्ती करायची की किंमत कमी करायची, हे शांतपणे ठरवता येते. इसार झाल्यावर दोष निघाला तर घेणारा म्हणेल तो आकडा सोडावा लागतो किंवा व्यवहारच मोडतो. विरोधातला मुद्दा तितकाच ठोस आहे. अहवाल हातात आला की दोष ‘ठाऊक’ झाला, आणि कलम ५५ चे ओझे अंगावर आले. न पाहिलेला दोष सांगण्याचे बंधन नाही, मग पाहायचेच कशाला? काही वकील हा सल्ला खरोखर देतात. तो कायद्याला धरून असेलही, पण ज्या छताखाली उद्या दुसऱ्याची मुले झोपणार आहेत त्याबद्दल जाणूनबुजून अजाण राहणे मला मान्य होत नाही.

दुसरी भूमिका, इंजिनिअर घेणाऱ्याचाच असावा. पैसे देणाऱ्याच्या बाजूला मत झुकते, ही शंका तिच्या मुळाशी आहे. अडचण अशी की घेणाऱ्याच्या इंजिनिअरला प्लास्टर फोडू द्यायला विकणारा राजी नसतो. व्यवहार फिसकटला तर फुटलेली भिंत त्याच्याच गळ्यात. बाहेरच्या देशांत घेण्याआधी घर तपासण्याच्या पद्धती बऱ्याच रुळल्या आहेत. ब्रिटनमध्ये घेणारा चार्टर्ड सर्व्हेयरकडून घराची ठरावीक पातळ्यांची पाहणी करून घेतो. अमेरिकेत घर तपासून पसंत पडले तरच व्यवहार पक्का, अशी अट करारातच घालण्याची रीत आहे, आणि अनेक राज्यांत विकणाऱ्याला माहीत असलेले दोष लिहून द्यावे लागतात.

तिसरी भूमिका दलालांची, आणि ती हिशेबी आहे. लोणावळ्यात किंमत जमिनीची असते. तुंगार्ली किंवा खंडाळ्यातला जुना बंगला घेणारा बहुधा तो पाडूनच नवे बांधणार असतो. त्याला वाशांच्या टोकांशी काय देणे-घेणे? त्यांच्या मते छताचा अहवाल अशा व्यवहारात निव्वळ विलंब आहे. मोठ्या भूखंडावरच्या बंगल्यांपुरते हे खरे आहे. पण प्रत्येक घेणारा पाडणारा नसतो. ज्याला जुना कौलारू बंगला तसाच जपायचा आहे, त्याला ‘छत गेलेलेच आहे’ असे गृहीत धरणारा बाजार उलट्या बाजूने नडतो, कारण दुरुस्त होण्याजोगी आढी आणि कैच्या जमिनीच्या भावात धरल्या जातात आणि लाकूड वखारीत जाते.

चौथी भूमिका कारागिरांची. कौलांचे छत सुतार ओळखतो, आरसीसी शिकलेला इंजिनिअर नव्हे, असे ते म्हणतात. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात लाकडी छतांना मिळणारी जागा पाहता यात तथ्य आहे. वासा टोच्याने टोचून पाहणे, खिट्टीचा सैलपणा हाताने ओळखणे हे ज्ञान कागदावर फारसे उतरलेले नाही. पण कर्ज देणारी बँक सुताराची सही धरत नाही, आणि जाणते सुतारही आता हाताच्या बोटांवर उरले आहेत. जुन्या बंगल्याला इंजिनिअरने सुताराला सोबत घेऊन जावे, आणि काही जण तसे करतातही.

फ्लॅट असेल तर

वरच्या मजल्यावरचा फ्लॅट विकणाऱ्याची गोष्ट निराळी, कारण छत त्याचे नसते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे छताची आणि पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढे तीन वर्षांतून एकदा तिचे स्ट्रक्चरल ऑडिट व्हावे, असेही उपविधी सांगतात. घेणाऱ्याने तो अहवाल संस्थेकडे मागावा. लोणावळ्यातल्या अनेक इमारतींत बहुतेक सभासद मुंबईला राहतात, सभा भरत नाहीत, देखभालीचा निधी तुटपुंजा असतो. अहवाल नसणे हेच तिथे सर्वांत बोलके उत्तर असते.

पत्राखालची सही

वास्तुविशारदांसाठी देशात १९७२ चा कायदा आहे. इंजिनिअरांच्या व्यवसायाला तसा केंद्रीय कायदा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी किंवा परवाना स्थानिक संस्था देतात, आणि तो त्या-त्या संस्थेपुरता असतो. नगरपरिषद हद्दीबाहेरच्या गावात मत देणारा इंजिनिअर कोणत्या यादीत असावा, हे घेणाऱ्याला समजायला सोपा मार्ग नाही.

याहून अवघड आहे ते उत्तरदायित्व. पत्र विकणाऱ्याने मागितले, पैसे त्याने दिले, विसंबला घेणारा. पुढे छत खचले तर घेणाऱ्याचा इंजिनिअरशी करारच नसतो. इंग्लंडमध्ये नेमका असाच प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे स्मिथ विरुद्ध एरिक एस. बुश या खटल्यात आला होता. कर्ज देणाऱ्या संस्थेसाठी सर्व्हेयरने घर पाहिले. आतल्या धुराड्याचा खालचा भाग कुणीतरी काढून टाकलेला होता, आणि वरच्या विटांना आधार आहे का ते त्याने तपासले नाही. पुढे त्या विटा छत फोडून घरात कोसळल्या. सर्व्हेयरची नेमणूक संस्थेची असली तरी घेणारी बाई त्याच्या अहवालावर विसंबणार हे त्याला कळत होते, म्हणून तो तिलाही जबाबदार आहे, असा निकाल १९८९ मध्ये लागला. भारतीय न्यायालयांवर तो बंधनकारक नाही, तरी तत्त्व म्हणून तो मांडता येतो. आपल्याकडचे सावध इंजिनिअर यावर एक उपाय करतात. अहवाल कुणासाठी आहे, कोणते भाग पाहिले, कोणते पाहता आले नाहीत, पाहणी कोणत्या महिन्यात केली आणि मत किती काळापुरते आहे, हे ते स्पष्ट लिहितात. मर्यादांची ही यादी वाचून घेणारे बिचकतात आणि तिला पळवाट समजतात. मला ती अहवालातली सर्वांत विश्वासार्ह जागा वाटते.

काय अनिर्णित आहे

१५ जून २०२५ रोजी याच तालुक्यात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. त्यानंतर स्ट्रक्चरल ऑडिट हे शब्द मावळात चहाच्या टपरीवरही बोलले जाऊ लागले. सार्वजनिक बांधकामाबद्दल जागी झालेली ही दक्षता खासगी घरांच्या व्यवहारापर्यंत कशी न्यायची, हे ठरलेले नाही. तीस वर्षांवरच्या घराच्या खरेदीखताला छताचा अहवाल जोडणे सक्तीचे करावे, असे काही जण सुचवतात. सक्ती झाली की छापील पत्रांचा धंदा सुरू होईल आणि गरीब विकणाऱ्यावर आणखी एक खर्च पडेल, हा आक्षेपही वजनदार आहे. ऐच्छिक पण ठरावीक नमुना असावा, ज्यात गळती, भार आणि परवानगी या तीन बाबी वेगवेगळ्या नोंदवलेल्या असतील, ही सूचना मला सर्वांत व्यवहार्य वाटते. मात्र तो नमुना कुणी बनवायचा, नगरपरिषदेने, इंजिनिअरांच्या संघटनेने की बँकांनी, हे कुणीच अंगावर घेतलेले नाही.

अहवालाचे पुढे काय होते, हाही प्रश्न मोकळाच आहे. विक्रीनंतर तो फाइलीत जातो आणि दहा वर्षांनी घर पुन्हा विकले जाते तेव्हा नव्या घेणाऱ्याच्या हाती लागत नाही. दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन मिळकतीचे वर्णन, मोबदला आणि पक्षकार नोंदवते. छताबद्दल तिच्यात काही नसते. परिशिष्ट म्हणून खरेदीखताला जोडलेला अहवाल दस्ताबरोबर नोंदला जातो आणि त्याची प्रत नंतर कुणालाही मागता येते. काही वकिलांनी ही वाट धरली आहे. तिला विरोध येतो तो बहुधा विकणाऱ्यांकडून, कारण एकदा नोंदलेला दोष घराच्या पुढच्या प्रत्येक किमतीतून वजा होत राहील, अशी त्यांना भीती असते. दुरुस्ती झाल्याचा दुसरा अहवालही त्याच रीतीने नोंदता येतो, हे त्यांना अजून फारसे कुणी समजावून दिलेले दिसत नाही.